सार्सच्या दिवसांतलं पाळणाघर

सिंगापुरात सार्सची साथ जोरात होती. बुकित बातोकच्या बसस्टॉपवर माझ्या मागे दोघी मराठीत बोलत होत्या. नर्सच्या कपड्यांतल्या तरुण बाईच्या कडेवर लहान मुलगी होती.

"बेबीताई, पाळणाघराने दारातूनच परत पाठवलं. साथ संपेपर्यंत नर्सचं मूल नको म्हणे."

"अगं, पण ईराला साधी सर्दीसुद्धा नाही!"

"तेच सांगितलं. ताप बघा म्हटलं, तर हात लावायला तयार नाहीत."

"आणि पेपरात तुम्ही देवदूत!"

"देवदूतांनी मुलं कुठे ठेवायची, तेही छापा म्हणावं."

"तुझ्याबद्दल तक्रार केली कोणी?"

"मिसेस टॅननी. त्यांचा मुलगा तिथेच असतो. त्यांचे वडील माझ्या वॉर्डात आहेत, पाय मोडलाय. भेटायला बंदी, म्हणून रोज संध्याकाळी लेकीचा फोन मीच त्यांच्या कानाशी धरते."

"आजपासून धरू नकोस! कळू दे बाईला."

"म्हातारा दुपारपासून त्या फोनची वाट बघतो हो, ताई."

"मग ईराला माझ्याकडे दे. आज मी ऑफिसला जात नाही."

"आणि उद्या?"

"उद्या हिला घेऊन मी स्वतः तिथे जाते. मला हाकलून दाखवू देत!"

बस आली. नर्स एकटीच चढली.