मी इथल्या कोणाची नाही

वर नाव लिहिलेली मी, वय २१ वर्षे, व्यवसाय शिक्षण, राहणार विद्यापीठाचे मुलींचे वसतिगृह, दुसरा मजला. आज आपणहून पोलीस ठाण्यात आले असून समक्ष सांगते ते असे.

माझी आई परवापासून सापडत नाही. तिचे वय ५४ आहे. वडील वारल्यावर ती माझ्या मोठ्या भावाकडे राहत होती. तिथे वहिनीशी तिचे पटले नाही. गेल्या वर्षी परीक्षा संपल्यावर दादा तिला घेऊन हॉस्टेलच्या गेटवर आला. "चार दिवस ठेव, मग नेतो," म्हणाला. त्याने नेले नाही. पुढे मीही विचारायचे सोडून दिले.

हॉस्टेलमध्ये बाहेरचे माणूस ठेवता येत नाही. ठेवल्यास सीट रद्द होते. माझ्या खोलीत दोन कॉट आहेत. दुसरीवर माझी मैत्रीण असते, तिला आम्ही ढापणी म्हणतो. तिने हरकत घेतली नाही. आई आणि मी एका कॉटवर झोपायचो. एकीला कूस बदलायची असली की दुसरीला उठवावे लागे. आम्ही लेक्चरला गेलो की आई आतून कडी लावून बसायची. मजला रिकामा झाल्याशिवाय ती बाथरूमला जात नसे, आणि त्यासाठी सकाळी पाणीच पीत नसे. हे मला फार उशिरा कळले. मेसमधून मी माझे ताट आजारी आहे सांगून खोलीवर न्यायचे. मेसवाले काका एकदा म्हणाले, "पोरी, आजारी असलीस की तू जास्तच जेवतेस." पुढे त्यांनी काही विचारले नाही. वाढताना मात्र हात सैल सोडत.

मजल्यावरच्या मुलींना माहीत होते. कुणाचे बटण तुटले, कुणाचे डोके दुखले की दारावर हळूच टकटक व्हायची. ढापणी म्हणायची, "काकू आल्यापासून आजारी पडायलाही बरं वाटतं." आई तोंडावर हात ठेवून हसायची. बोलायची तीही कुजबुजत. एका सुट्टीला मी तिला बागेत नेले, तिथेही तसेच. मी म्हटले, "आई, इथे तरी मोठ्याने बोल." ती म्हणाली, "नको. सवय मोडेल."

परवा दुपारी शेजारच्या खोलीत पहिल्या वर्षाची मुलगी एकटीच होती. ती तापाने फणफणली होती आणि रडत होती. भिंतीतून ऐकू येत असणार. आई कडी काढून तिच्याकडे गेली. मुलीने आधीच घरी फोन केला होता आणि घरच्यांनी रेक्टर मॅडमना. मॅडम आल्या तेव्हा आई तिच्या कपाळावर ओले फडके ठेवत होती.

मी परत आले तेव्हा जिन्यापाशी सगळ्या जमल्या होत्या. मॅडम आईला विचारत होत्या, "कोणाकडे आलात तुम्ही?" आई म्हणाली, "कोणाकडे नाही. गेट उघडं दिसलं, काम मिळतंय का बघायला आले. मी इथल्या कोणाची नाही." हे ती मोठ्याने बोलली. मी हाताच्या अंतरावर उभी होते. तिने माझ्याकडे पाहिले नाही. मॅडमनी आम्हाला विचारले, "कुणी ओळखतं का यांना?" कुणी बोलले नाही. मी बोलले नाही. वॉचमनने तिला गेटबाहेर सोडले. तिची पिशवी माझ्या खोलीत होती, म्हणून तिने ती मागितली नाही.

मॅडमनी लगेच खोल्या तपासायला घेतल्या. ढापणीने आईचे कपडे आपल्या कपाटात कोंबले. संध्याकाळी मला निघता आले. गेटपाशी मॅडम भेटल्या, "अंधार पडायच्या आत ये," म्हणत रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर चालल्या. त्या गेल्यावर मी बस स्टँडपर्यंत पाहिले. आई नव्हती. दादाला फोन केला. तो म्हणाला, "इथे नाही आली. तुझ्याकडे होती ना?"

काल दिवसभर मी दवाखाने आणि स्टँड पाहिले. आज सकाळी गेटसमोरच्या चहावाल्याने सांगितले, "त्या बाई इथंच बसल्या होत्या की. तुम्ही बाहेर आलात तशा उठल्या. मॅडम सोबत दिसल्या म्हणून टपरीमागे गेल्या. तुम्ही स्टँडकडे वळलात आणि त्या उलट्या दिशेला." काही म्हणाल्या का, असे मी विचारले. तो म्हणाला, "एवढ्या थंडीत स्वेटर न घालताच निघाली, असं काहीतरी म्हणाल्या."

आईचे वर्णन: उंची बेताची, रंग सावळा, केस अर्धे पांढरे, अंगावर माझा राखाडी स्वेटर, पायात रबरी चपला. जवळ फोन नाही. माझा नंबर तिला पाठ नाही.

तपासासाठी हॉस्टेलला कळवावे लागेल, असे लिहून घेणाऱ्या मॅडमनी मला सांगितले. "घरच्यांना विचारून मग ये हवं तर," असेही म्हणाल्या. हॉस्टेलला कळवल्यावर काय होईल ते मला समजते. तरी लिहा, असे मी सांगितले.

जबाब मला वाचून दाखवला. हरवलेल्या व्यक्तीच्या पत्त्यापुढे दादाच्या घराचा पत्ता आला होता. तो खोडून तिथे माझ्या खोलीचा नंबर लिहायला लावला. नात्यापुढे आई असे लिहिले आहे. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.