भांड्यांच्या विभागात विक्रीस लावलेल्या लेथबाबत

जबाब देणार: वय ५८ वर्षे, धंदा कपड्यांची दुरुस्ती व फिटिंग, राहणार इस्त्रीच्या दुकानाच्या वर, दुसरा मजला, जिन्याच्या उजव्या हाताला. पूर्ण नाव व फोन नंबर पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत दिला आहे.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी माझ्या पतींसह राहते. (पती हा शब्द जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनी घातला आहे. मी 'हे' म्हणते. पण नुसते 'हे' लिहिले तर कोण ते कोर्टाला कळणार नाही, असे साहेबांचे म्हणणे पडले.) आमची मुलगी लग्न होऊन परगावी असते, तिचा या प्रकरणाशी संबंध नाही. तिला कळवू नये.

पतींचे वय ६६. त्यांनी एकेचाळीस वर्षे घड्याळदुरुस्ती केली. दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेर उभे राहून बोलायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितले. तरी ते रोज जाऊन बसत. गेल्या हिवाळ्यात मालकाने जागा परत मागितली, तेव्हा सगळे सामान घरी आले.

सामानात एक छोटा लेथ आहे. लेथ म्हणजे घड्याळातले केसाएवढे दांडे घडवायचे यंत्र. हातभर लांब, पण लांबीच्या मानाने फार जड. तो जेवणाच्या टेबलाच्या कडेला ठेवला. पती रोज सकाळी सातला उठून तो तेलाच्या फडक्याने पुसत. चालवत नसत, नुसता पुसत. त्याला पाऊण तास लागे. मग अंघोळ, मग चहा, मग पेपर. लेथ पुसायचा आहे म्हणून ते अंथरुणातून उठत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलेले सांगते.

साडेतीन महिन्यांपूर्वी एका रविवारी पती म्हणाले, "विकून टाक तो. डोळ्यांसमोर नको." मी म्हटले, "असू दे की, खायला मागतोय का?" ते म्हणाले, "मी सांगतोय ना." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले असते आणि विषय तिथेच मिटला असता.

माझी धाकटी बहीण एका ऑफिसात कारकून आहे. तिला विचारले. ती म्हणाली, "ताई, सगळे जातात त्या मोठ्या साइटवर टाक. तासाभरात गिऱ्हाईक दारात." तिने मागे तिचा सोफा तिथे टाकला होता. मी तिच्याकडे गेले होते, चहा उकळेपर्यंत सोफा विकला गेला, आणि न्यायला आलेल्या माणसांमुळे आम्ही दोघींनी चहा उभ्याने प्यायला. ते आठवून मी सावध झाले. मी तिला म्हटले, मोठी साइट जाहिरातीचे पैसे घेते, वर कमिशन कापते, मला फुकटातली सांग. तिने सात-आठ फुकट साइट शोधून दिल्या. मी प्रत्येकीवर दोन दिवस नजर ठेवली आणि सर्वांत ओसाड होती ती निवडली. तिच्यावर सायकलचा एक पंप चार वर्षांपासून विक्रीला होता.

साहेबांनी विचारले की, कमिशन वाचवण्यासाठी ही साइट निवडली का. पतींना आणि बहिणीला मी तसेच सांगितले होते. ते खरे नाही. तिथे काळे कुत्रे फिरकत नाही म्हणून निवडली. लेथ विक्रीला लावलाय असे यांना तोंड वर करून सांगता यावे आणि लेथ मात्र टेबलावरून हलू नये, एवढाच माझा हेतू होता.

जाहिरात मी स्वतः लिहिली. फोटो उजेडाकडे तोंड करून काढला. त्यात लेथ काळा दिसतो आणि खिडकी छान दिसते. वर्णनात 'जुने यंत्र, चालू, वजनदार' एवढेच लिहिले. विभाग 'स्वयंपाकाची भांडी' निवडला. चुकून नव्हे. फोन नंबर दिल्याशिवाय साइट पुढे जाऊ देईना, म्हणून घरचा दिला. त्या फोनवर बहीण सोडून सहसा कोणाचा फोन येत नाही.

त्या साइटवर बोली सात दिवस चालते. कोणी बोलले नाही तर जाहिरात पुन्हा लावायची. अकरा आठवडे मी ती दर रविवारी लावली. रोज संध्याकाळी पती विचारत, "काही आलं का?" मी म्हणे, "नाही हो." ते म्हणत, "बरं." मला वाटे, मनातून सुटल्यासारखे झाले असेल. आठव्या आठवड्यापासून ते लेथ सातऐवजी नऊला पुसू लागले. दहाव्यात दोन दिवस पुसलाच नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी ते थंडीवर ढकलले.

बाराव्या आठवड्यात मंगळवारी दुपारी लेथवर चारशेची बोली आली. बोलणाऱ्याने स्वतःचे नाव 'चिमटा' असे ठेवले होते. मी एका पॅंटला टीप घालत होते, ती टीप सरळ खिशावरून गेली. पॅंट अजून गिऱ्हाइकाला दिलेली नाही. मी लगेच बहिणीच्या नावाने खाते उघडले, त्याला 'टाचणी' नाव दिले आणि पाचशे बोलले. बहिणीला हे आज ठाण्यातून फोन गेल्यावर कळले. ती मला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखे नाही.

त्यानंतर चिमटा सहाशे बोलला. मी सातशे. असे गुरुवारपर्यंत चालले. मी मनात चिमट्याला नाही नाही ते बोलले आहे. माणसाला भांड्यांत यंत्र दिसतेच कसे, एवढा रिकामा आहे कोण, याला घरी बायको नाही का, वगैरे.

त्याच तीन दिवसांत पती सातला उठू लागले. मी संध्याकाळी सांगे, "आज दोघं बोलले." ते म्हणत, "हो? दुसरा कोण?" मी म्हणे, "कोणी टाचणी म्हणून आहे." ते म्हणत, "टाचणी. जाणकार दिसतोय." मी मान हलवी. पती खुलले की मला बरे वाटे आणि लेथ जाणार म्हणून जीव वरखाली होई, अशी माझी अवस्था होती.

गुरुवारी संध्याकाळी 'भिंग' नावाने तिसरी बोली आली. ही तक्रारदार मुलगी. तिने एकदम सहा हजार लावले. शनिवारी सकाळी चिमट्याने पासष्ट हजार लावले. ते पाहून मी हात टेकले. पासष्ट हजारांच्या पुढे टाचणीची पोच नव्हती. पतींना सांगितले, तर ते "असं?" म्हणाले आणि हात धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू होता. मला वाटले, वाईट वाटले असेल.

त्याच शनिवारी दुपारी मी शिवलेले कपडे पोचवायला गेले असताना तक्रारदार मुलीचा घरी फोन आला. तो पतींनी उचलला. पासष्ट हजारांचा लेथ आहे तरी कसा, हे तिला विचारायचे होते. त्याचे सगळे जोडभाग शाबूत आहेत का, असे तिने विचारले. पतींनी त्याचे उत्तर एक तास दहा मिनिटे दिले. फोनवर वेळ दिसतो, म्हणून नक्की सांगते. शेवटी मुलगी म्हणाली, एवढा चांगला आहे तर पासष्ट हजारवाल्यालाच जाऊ दे, माझी ऐपत नाही. तेव्हा पती तिला म्हणाले, "अगं, पासष्टवाला मीच. मला साडेसहा लावायचे होते. बोट एकदा टेकलं की दोनदा पडतं, शून्य जास्तीचं गेलं." मुलीने फोन ठेवला आणि सोमवारी ठाण्यात खोट्या बोलीची तक्रार दिली. साहेबांनी साइटवाल्याला लिहिले, तर साइट एकटाच माणूस चालवतो आणि साइट फुकट असल्यामुळे जबाबदारीही घेत नाही, असे त्याचे उत्तर आले.

चिमटा म्हणजे माझे पती, हे मला आज सकाळी या टेबलासमोर कळले. ते खाली इस्त्रीवाल्याच्या दुकानात बसून त्याच्या फोनवरून बोलत होते. का, असे साहेबांनी त्यांना माझ्यासमोर विचारले. ते म्हणाले, "रोज 'नाही' सांगताना ही खाली बघायची. एकतरी बोली दिसावी तिला, म्हणून. मग समोरून बोली येत गेली, थांबवेना." जाहिरात भांड्यांत सापडली तेव्हा संशय आला नाही का, असे विचारता म्हणाले, "तिला यंत्रातलं कळत नाही, चूक झाली असेल. बोलून दाखवायचं कशाला?" यावर मला जे वाटले ते वाटले. मला शिवणयंत्र पूर्ण खोलून परत जोडता येते, हे मी नोंदीसाठी सांगते.

साहेबांनी विचारले की, संगनमताने किंमत चढवायचा इरादा होता का. संगनमत असते तर आम्ही एकमेकांवर बोली लावली नसती. लेथ कोणालाच जाऊ नये असा माझा इरादा होता. मग विक्रीला लावला कशाला, असे साहेबांनी पुन्हा विचारले. ते मी वर सांगितले आहे, साहेबांनी वर पाहावे.

तक्रारदार मुलगी अंदाजे पंचवीस-सव्वीसची, घड्याळदुरुस्तीचेच काम करते. मोठ्या साइटवर असा लेथ तिच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून ती फुकटच्या साइटचे सगळे विभाग चाळते. तिथे लोक काय कुठे टाकतील नेम नाही, असे तिने सांगितले, ते बरोबर आहे. एक तारखेला तिचे दुकान उघडायचे आहे. लेथ नसल्यामुळे ती निम्मी कामे परत पाठवते. सकाळी मला तिचा संताप आला होता. आता नाही.

लेथ पडताळणीसाठी पिशवीतून आणला आहे. तो या टेबलावर आहे. पती आणि मुलगी शेजारच्या बाकावर बसून त्याच्याविषयी बोलत असल्याने मला दोनदा मोठ्याने सांगावे लागले.

शेवटी माझे म्हणणे विचारले. साइटच्या नियमाने लेथ पासष्ट हजारांना माझ्या पतींनाच विकला गेला आहे, ते पैसे आम्ही आमच्याकडून घेणार नाही. मुलीला द्यायला माझी हरकत आहे. मुलगी वाईट नाही. पण लेथ गेला तर उद्या हे उठतील कशासाठी, हे मला कोणीतरी सांगावे. मला भीती वाटते. भीती हा शब्द साहेब खोडत होते, तो मी ठेवायला लावला.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. पती शेजारीच असल्याने त्यांनीही ऐकला. 'तिथे काळे कुत्रे फिरकत नाही' इथे त्यांनी हवालदारांना थांबवले आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. मग मला म्हणाले, "अकरा आठवडे मी समजत होतो, माझ्या हत्याराला एका पैशाला कुणी विचारत नाही. आणि मलाही." मी म्हटले, "मला काय माहीत?" ते म्हणाले, "आणि टाचणी पण तूच." मी म्हटले, "हो." त्यांनी बाकावरच्या मुलीकडे पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे खरं गिऱ्हाईक ही एकटीच." मला रडू आले. हवालदारांनी पाणी दिले.

त्यानंतर पती साहेबांना म्हणाले की, लेथ मुलीला द्यायचा, तिने सहा हजार लावले तेवढ्यालाच. फक्त तो बसवून, चालता करून द्यावा लागेल, आणि त्यासाठी त्यांना तिच्या दुकानात रोज सकाळी जावे लागेल. किती दिवस, असे साहेबांनी विचारले. पती म्हणाले, "महिना तरी. पुढं बघू." साहेबांनी लेथ उलटा करून पाहिला आणि चार स्क्रूवर बसणाऱ्या यंत्राला महिना कसा लागतो, असे मुलीला विचारले. ती लेथकडे बघत राहिली. मग मला विचारले, आणि जबाब आहे, खरे तेच सांगा, अशी समज दिली.

महिना लागतो, असे मी सांगते. दोन महिनेही लागतात.

हाही भाग मला वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे, म्हणून खाली सही करते.