मंद झालेला अल्गोल

गीताबाई : जीपवाल्याला नको म्हणून सांग. उद्या मी गंगाखेडला येत न्हाई.

रेणुका : असं कसं आत्याबाई? तुमच्या लेकानं जीप सांगून ठेवलीय. एका डोळ्याचा मोतीबिंदू निघाला, आता दुसऱ्याचा.

गीताबाई : पयलाच वाया गेला. आता दुसराबी घालवू का?

रेणुका : वाया? काल तर सुईत दोरा ओवलात!

गीताबाई : कालचं काल. ऑपरेशन झाल्यापून रोज सांजच्याला गच्चीवर येऊन मी एकाच चांदणीवर डोळा तपासते. रोज ठळक दिसायची. आज बघ, इझायला आलीय. लय भ्या वाटायलंय गं.

रेणुका : कोणती? बोट दावा.

गीताबाई : ती. तूच शिकवलेल्या शर्मिष्ठेच्या पाच चांदण्यांच्या खालच्या अंगाला.

रेणुका : अगं माय! अल्गोल! आत्याबाई, तो खरंच मंद झालाय!

गीताबाई : सूनबाई, माझं मन राखायला खोटं बोलू नको.

रेणुका : खोटं कशाला? तो देवयानीच्या पायातला तारा बघा. रोज दोघं सारखेच दिसतात. आज?

गीताबाई : तो तर टपोरा हाय.

रेणुका : डोळा बिघडला असता तर तोबी मंदच दिसला असता की! आमी हौशी तारे बघणारे असंच करतो. बदलणारा तारा न बदलणाऱ्या शेजाऱ्यांशी ताडून बघायचा.

गीताबाई : आता गं बया! पर चांदणी मंद व्हतीच कशी?

रेणुका : ते दोन तारे हायत, एकमेकांभोवती फिरणारे. अंधुकवाला आडवा आला की उजेड कमी. उगवतीच्या त्या लाल चांदणीची, काक्षीची, तऱ्हा वेगळी. ती स्वतःच फुगते, आकसते, महिनोन्‌महिने.

गीताबाई : आन् ह्यो आडवा आलेला बाजूला कवा व्हणार?

रेणुका : चला, जेवून येऊ. मग बघा.

(जेवणं, आवराआवर आटोपून दोन तासांनी दोघी पुन्हा गच्चीवर.)

रेणुका : मी काहीच बोलत न्हाई. तुमीच सांगा.

गीताबाई : थांब... मगाशी तो खेटून असलेल्या बारक्या चांदणीयेवढा व्हता. आता... अगं उजळला! रेणुके, उजळायलाय बघ! देवयानीवाल्यायेवढा न्हाई अजून, पर उजळलाय!

रेणुका : महिनाभर मी त्याला असा मंद झालेला गाठायला बघायले, दर वेळी हुकतो. आज तर माझ्या ध्यानातच नव्हतं. तुमी पकडलात, तेबी कुणी न सांगता! आमच्या तारे बघणाऱ्यांच्या ग्रुपवर तुमच्या नावानं टाकते.

गीताबाई : टाक, टाक. आन् ती लाल काक्षी माझ्याकडं सोड. तिला मी दोन्ही डोळ्यांनी बघन.

रेणुका : मग जीपवाल्याला काय सांगू?

गीताबाई : सकाळी लवकर ये म्हणावं.