वाणात वाटलेल्या ओटच्या पुड्या

मैत्रेयी मॅडमनी माझ्या पोटाभोवती टेप गुंडाळली आणि म्हणाल्या, "श्वास रोखू नका, सोडा." त्या क्षणी माझं सगळं बदललं.

माफ करा, संबोधन राहूनच गेलं. सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या आरोग्य मंडळाचे सर्वेसर्वा श्रीमान भगवानरावजी. त्यांच्या शेजारी बसलेल्या सौभाग्यवती वच्छलाकाकू. हा प्रयोग ज्यांनी आखला आणि आज खास नागपूरहून आले, ते डॉक्टरसाहेब. ज्यांना आपण शाल-नारळ देऊन दारव्ह्यातून वाटेला लावतो आहोत, त्या आहारतज्ज्ञ मैत्रेयी मॅडम. आणि समोर दोन-दोन खुर्च्या व्यापून बसलेल्या माझ्या वजनदार बंधू-भगिनींनो!

लाभार्थींच्या वतीनं मी दोन गोड शब्द बोलावेत, असं मला सांगण्यात आलं आहे. माझ्या आधी चार वक्ते गोडच बोलून गेले. इथल्या लोकांच्या रक्तात साखर का वाढते, हे डॉक्टरसाहेबांना एव्हाना कळलं असेल.

मी ऋतिक. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्राध्यापकांशी भांडून कॉलेज सोडलं. मंडळानं जाहीर केलं की प्रयोगासाठी जास्त वजनाची प्रौढ माणसं हवीत, आणि जन्मात पहिल्यांदा मी कुठल्याशा पात्रतेत बसलो. आई म्हणाली, "डोक्यानं नाई तं नाई, पोटानं तरी पास झाला बाप्पा!"

प्रयोग तसा साधा होता. ओट नावाच्या धान्यात एक तंतू असतो. तो भिजला की बुळबुळीत होतो, पोटातलं अन्न धरून ठेवतो. साखर रक्तात सावकाश उतरते, कोलेस्टेरॉलही थोडं खाली येतं. 'थोडं' हा शब्द मॅडम फार जपून उच्चारायच्या. तुळसाबाईंनी त्यांना पहिल्याच बैठकीत विचारलं होतं, "पोट केव्हा जाईन, मॅडम?" मॅडम म्हणाल्या, "तसं वचन मी देत नाही, मावशी. काय होतं, तेच तर बघायचं आहे." मंडळानं मात्र त्याच आठवड्यात चौकात फलक लावला, 'पोट घटवा, दारव्हा घडवा!' त्यावर अध्यक्षमहोदयांचा हसरा फोटो होता. छातीपर्यंतचाच.

काही जणांना खऱ्या तंतूची पुडी, काही जणांना तशाच दिसणाऱ्या तांदळाच्या पिठाची. एकीवर हिरवी चिठ्ठी, दुसरीवर पिवळी. खरी कोणती, हे मॅडमनाही ठाऊक नव्हतं. अट एकच, की ज्याची पुडी त्यानंच घ्यायची. आता तुम्हीच सांगा, हे आपल्याला जमण्यासारखं आहे का? दारात माणूस उभा असताना आपण एकट्यानं घशाखाली घास ढकलतो का? तुळसाबाईंनी तर पहिल्या दिवशी अर्धी पुडी म्हशीच्या ढेपेत कालवली आणि वर मॅडमनाच विचारलं, "तिचं वजन काहून नाई करून राह्यल्या?" हसू नका मावशी, खरं तेच सांगतो आहे.

पण मॅडमनी तेही निस्तरलं. त्या घरोघरी जायच्या, ज्याची पुडी त्याच्या ताकात कालवायच्या आणि समोर उभं राहून संपवायला लावायच्या. मी माझं ताक फार सावकाश प्यायचो. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, हे ताक आहे, उकळता चहा नाही." मी आणखी छोटा घोट घेतला.

असं सगळं सुरळीत चाललं आणि संक्रांत आली.

मंडळाच्या कार्यालयात उंदीर फार, म्हणून पुड्यांची खोकी अध्यक्षमहोदयांच्या घरी ठेवली होती. दरवर्षी काकूंचं हळदीकुंकू मोठं असतं. गेल्या वर्षी वाणात स्टीलच्या वाट्या लुटल्या होत्या. यंदा अध्यक्षसाहेबांच्या डोक्यात आलं, 'आरोग्याचं वाण' द्यावं. मी आईला गाडीवर सोडायला गेलतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. परातीत तिळगूळ, हळदीकुंकू आणि हिरव्या-पिवळ्या पुड्यांचा ढीग. जी येईल तिच्या पदरात एक हिरवी, एक पिवळी. बाजूला फोटोग्राफर.

मॅडमही बोलावल्यावरून आल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. त्या हळूच म्हणाल्या, "काकू, थांबा. अशा वाटल्या तर सगळा प्रयोगच वाया जाईल. दिलेल्या परत घेऊ या, मी स्वतः घरोघरी जाते." काकू थांबल्याही होत्या. तेवढ्यात आतून अध्यक्षसाहेबांचा आवाज आला, "वाण माघारी घेत असते काय? तुमच्यात चालत असंन मॅडम, आमच्यात नाई चालत."

'तुमच्यात' म्हणजे कोणत्या जातीत, हे तिथल्या प्रत्येक बाईला कळलं. मी चप्पल न काढता आत घुसणार होतो. आईनं शर्ट धरला.

दुसऱ्या दिवसापासून काय झालं? एकजण म्हणे, "मले पिवळी नोको, पोट फुगते." दुसरी म्हणे, "माह्या जावेले हिरवी मानवली, मलेही तेच द्या." मॅडम डॉक्टरसाहेबांना फोन करायला निघाल्या, तर अध्यक्षमहोदय म्हणाले, "तुम्ही कायले तरास घेता? मी कळवतो." त्यांनी कळवलंही. पुड्या मिसळल्या, हे खरंच सांगितलं. कोणी मिसळल्या, तिथं मात्र नाव बदललं. मॅडमच्या हलगर्जीपणानं, असं सांगितलं. मागून मॅडमनी खरं सांगितलं, तेव्हा डॉक्टरसाहेबांनी साक्ष मागितली. वाण घेतलेल्या सगळ्या जणी गप्प बसल्या.

म्हणून आजचा हा समारंभ. हलगर्जी ठरवलेल्या बाईला इतकी महागडी शाल देणारी संस्था मी दुसरी पाहिली नाही. या शिक्क्यासह मॅडम इथून गेल्या, तर पुढं त्यांना कोण काम देणार?

अध्यक्षमहोदय, घंटी ठेवा खाली, संपवतोच. बायांनो, मी एवढंच मागतो. संक्रांतीला ज्यांनी वाणात पुडी घेतली, त्यांनी हात वर करा.

कोणीच नाही?

तुळसाबाई? ... उपकार झाले, मावशी. मागे आणखी एक. आई, तू पण! ... बस, एवढ्याच?

काकू? वच्छलाकाकू, मी तुम्हाला नव्हतो म्हणालो, मी समोरच्यांना... नाही, नाही, राहू द्या हात वर. काय म्हणालात? मागे ऐकू आलं नसेल, मी सांगतो. काकू अध्यक्षसाहेबांकडे बोट दाखवून म्हणतात, "मीच वाटल्या. पोरगी नाई म्हणत होती. यायनं ऐकलं नाई."

डॉक्टरसाहेब, आपण ऐकलंत.

मॅडम, काल तुम्ही मला म्हणालात, "ऋतिक, तुझ्या मनातलं मला कळतं. म्हणूनच तू बोलू नकोस. तू बोललास तर लोक माझं खरंही खोटं ठरवतील." मला रात्रभर राग होता तुमचा. पण आता साक्ष माझी राहिली नाही. ती काकूंची आहे, या बायांची आहे. मी इथं उभा असेपर्यंत लोक तुमच्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघतील. आत्ताही तेच चाललं आहे. मनातलं दुसरं जे होतं, ते मी बोलत नाही.

मला बोलू दिल्याबद्दल मंडळाचा आभारी आहे. पुन्हा बोलावणार नाहीत, याचीही कल्पना आहे. वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढला असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर लहान समजून पोटात घाला. डॉक्टरसाहेब, आता मॅडमना विचारा, आणि त्यांना पूर्ण बोलू द्या. बाहेर मंडपवाल्यांचा गलका फार आहे, इथलं नीट ऐकू आलं पाहिजे.

मी निघतो. दार ओढून घेतो.