धाकूशेठ, हौसाबाई आणि मधला पाट

सन्माननीय अध्यक्ष वकीलसाहेब, व्यासपीठावर बसलेली थोर पाहुणेमंडळी, आजचे सत्कारमूर्ती श्री. धाकूशेठ व सौ. हौसाबाई, आणि मांडवीतल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी शिकलेला माणूस नव्हे. याच बंदरावर पाठीवरून गोणी वाहिल्या. आज देवदयेनं पदरी दोन गलबतं आहेत. मंडळींनी मला विषय दिलाय, 'नवराबायकोनं एकत्र धंदा करून संसार गोड कसा राखावा?' बावीस वर्षं या जोडप्याच्या खाणावळीत जेवलो, तेव्हा मला ठाऊक असणारच, नाही का? पण जितका विचार करतो तितका घोळ वाढतो.

खाणावळ निघाली तेव्हा धाकूशेठचे वडील दारातल्या बाकावर बसत. वडिलांदेखत बायकोशी बोलायचं कसं? म्हणून सगळं बोलणं गिऱ्हाइकामार्फत. हौसाबाई चुलीपाशी, धाकूशेठ वाढायला, आणि माझा पाट नेमका मधे. गिऱ्हाईक म्हणून मीही त्यांचा 'शेठ'च, मग हमाल का असेना.

"शेठ, सांगा त्यांना, भात जपून वाढा. बोट यायचीय अजून."

"शेठ, सांगा तिला, कालवणात मीठ नाय. समुद्राकाठची बाई ना ही?"

"सांगा त्यांना, जिभेला चव कमी नि धार जास्त हाय!"

म्हातारबा वारले त्याला अकरा वर्षं झाली. बाक रिकामा झाला, निरोप काही थांबले नाहीत. मला वाटलं, यांचा अबोलाच आहे. एके दिवशी हात जोडून म्हणालो, "आज मी मुका. सरळ बोला." झालं! कोणी कोणाला काही सांगेना. मीठ तिनंही घातलं, यांनीही घातलं. बोटीचे चाळीस उतारू नुसतं पाणी पिऊन गेले. शेवटी मीच तोंड उघडलं.

तेव्हापासून मला कळेनासं झालंय, मी यांचा संसार सांधत होतो, की वाट अडवून बसलो होतो?

खाणावळ कालच बंद झाली. उद्या ही दोघं जयगडकडच्या आपल्या घरी राहायला जाणार. आज सकाळी हौसाबाईंनी मला गाठलं. "शेठ, तिथं आमी दोघंच. मधी कोन बसनार? मला येईल का वो बोलाय त्यांच्याशी?" मी हसण्यावारी नेलं. पण खोटं कशाला सांगू, दुपारी बंद खाणावळीच्या दारापर्यंत जाऊन परत आलो.

अध्यक्षमहाराज, राग मानू नये, पण आपली खुर्ची या दोघांच्या मधे आहे. माझं भाषण चालू असताना आपण दोनदा इकडचा निरोप तिकडे केलात. माझे कान तिखट आहेत. जरा बाजूला सरकता का? उपकार झाले.

...

ऐकलंत?

"अवो, फेटा तिरका झालाय."

"मग कर की सरळ."

भरसभेत! लाजू नका हौसाबाई, करा.

याला उत्तर म्हणायचं की नाही, ते मला अजूनही उमगलेलं नाही. अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. आणि धाकूशेठ, हौसाबाई, बावीस वर्षांत तुमचे निरोप पोचवताना काही शब्द मी वाटेतच गिळले, काही पदरचे घातले. तेवढा अपराध पोटात घाला.