सुनेचं पोर्ट

इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात रांगेत उभ्या असलेल्या शिंपीणबाईंचे कान पुढच्या मावशींच्या बोलण्याकडे लागले होते.

"सिनेमे दिसतात, फोटो जातात. खेळ तेवढा सुरू होत नाही."

"मावशी, त्या खेळाला लागणारं पोर्ट कंपनीनं बंद केलंय. सुरक्षेसाठी एक दार लावून घेतलंय म्हणा ना," काउंटरवरचा कारकून म्हणाला.

"घर माझं आणि दार तुम्ही लावणार?"

"नातवाला दुसरा एखादा खेळ द्या."

"कसला नातू? मी खेळते, सुनेबरोबर. ती लांब असते."

"मग तिच्याशी फोनवर बोला की."

"फोनवर ती 'हो आई, बरं आहे आई' म्हणते आणि गप्प बसते. खेळात कशी ओरडते, 'आई, मागे बघा! आई, पळा!'"

कारकुनानं हसू दाबत कीबोर्ड जवळ ओढला.

तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. पलीकडचा आवाज सगळ्या रांगेला ऐकू गेला.

"आई, आहात कुठे? तुमच्याशिवाय मी रोज मरतेय इथे!"

शिंपीणबाई दचकल्या. कारकून पुटपुटला, "उघडलं, मावशी."

"आलेच गं," मावशी फोनमध्ये म्हणाल्या. "तोवर झाडामागे लपून बस. एकटीनं पुढे जायचं नाही, सांगून ठेवते."