कार्बन, अ‍ॅल्युमिनियम आणि थोडी वाळू

(सायकलींचं दुकान. दुकानाची मालकीण, जिला सगळं गाव मावशी म्हणतं. ड्रायव्हिंग स्कूल चालवणारे मास्तर. आणि थोड्या वेळाने येणारी त्यांची बायको.)

मावशी : झालं का उचलून? आता खाली ठेवा दोन्ही. दोन हातांत दोन फ्रेमी धरून तराजूसारखे उभे आहात, माझी गिऱ्हाइकं काचेतून बघून परत चाललीत.

मास्तर : डाव्या हातातली कार्बन ना?

मावशी : उजव्या.

मास्तर : मग डावी हलकी कशी लागते?

मावशी : तिला पुढचं चाक धरणारा फोर्क लावलेला नाही. उजवीला आहे. आणि तुम्ही लोकांना डावं-उजवं शिकवून पोट भरता.

मास्तर : ते सोडा. ती शेजारच्या औषधाच्या दुकानात गेलीय, यायच्या आत आपलं ठरू दे. ती आली की तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, यांच्या वयाला कार्बनच पाहिजे.

मावशी : आणि तिने विचारलं, यांच्या वयाला म्हणजे काय, तर?

मास्तर : तर म्हणायचं, सांध्यांना बरी. खडीचे धक्के कार्बन पिऊन टाकतो, असं तुम्हीच मागे म्हणाला होतात.

मावशी : म्हणाले होते. सांध्यांचं मात्र तुमच्या बायकोला मी सांगू? ती दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते.

मास्तर : बरं, मग सांधे नको. दुसरं काहीतरी म्हणा. आणि तिने स्वतःसाठी विचारलं, तर तिला अ‍ॅल्युमिनियम. मजबूत असते, टिकाऊ असते, बाईमाणसाला शोभते.

मावशी : मीही बाईमाणूसच आहे, मास्तर.

मास्तर : म्हणूनच तुमच्या तोंडून बरं वाटेल.

मावशी : म्हणजे तुम्हाला हलकी आणि तिला जड. असे नवरे पुष्कळ पाहिलेत मी. पण ते घरातल्या पिशव्या वाटताना. सायकलीच्या बाबतीत पहिलेच. कारण तरी कळू दे.

मास्तर : कारण साधं आहे. मला तिच्या शेजारून चालवायचंय.

मावशी : एवढंच? त्याला काय लागतं? रस्ता रुंद बघायचा.

मास्तर : सपाटीवर जमतं. चढ लागला की तिची पाठ दिसते. मग पाठ लहान होत जाते. मग नुसतं हेल्मेट. ती रोज हॉस्पिटलला सायकलने जाते हो, आणि मी दिवसभर गाडीत बसलेला. तेही बाजूच्या सीटवर.

मावशी : मग राहावं मागे. कोणी बक्षीस लावलंय?

मास्तर : मागे राहून चालत नाही. गेल्या वर्षी खाणीच्या वळणावर मला चक्कर आली होती, आठवतं? डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी आपला सायकलीसकट गवतात बसलो. डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, घाबरायचं काही नाही, पण हृदयाला फार पळवू नका. बोलता येईल इतपतच सायकल चालवत जा.

मावशी : चांगलं सांगितलं.

मास्तर : तेव्हापासून मी बोलतो.

मावशी : बोलता म्हणजे?

मास्तर : पायथ्यापासून माथ्यापर्यंत. गप्प बसलं तर कळणार कसं, बोलता येतंय की नाही?

मावशी : ...हं.

मास्तर : आता तुम्हीच सांगा, ती पुढे निघून गेली तर मी बोलू कोणाशी? रस्त्यावर एकटाच बडबडणारा माणूस बरा दिसतो का? मागच्या रविवारी एकाने गाडी थांबवली आणि फार प्रेमाने विचारलं, काका, घरच्यांना फोन लावून देऊ का?

मावशी : मग तुम्ही काय म्हणालात?

मास्तर : घरचे पुढे गेलेत, म्हणालो. हसू नका. परवा ती फोनवर तिच्या मैत्रिणीला म्हणत होती, यांना आता चढ बंद करावेत का, सपाटीवरच ठेवावं का. ठेवावं म्हणे. कुंडीसारखं. घरात आमचं बोलणं काय होतं? नळ गळतोय, चावी कुठे ठेवली. रविवारचे तेवढे दोन-चार तास माझे असतात. तेवढे मला सोडायचे नाहीत. म्हणून कार्बन.

मावशी : खरं सांगू? या दोन फ्रेमींत फरक आहे तो पाण्याने भरलेल्या एका बाटलीचा. तेवढं तुम्ही जाताना जेवणात कमी केलंत तरी...

मास्तर : आली. गप्प.

बायको : कोण गप्प? दारातून बघतेय, हात हलवून हलवून कोणाला तरी क्लच शिकवावा तसं चाललंय. मावशी, यांनी ठरवून टाकलं का काही?

मावशी : यांनी ठरवलंय. मी ऐकून घेतलंय.

मास्तर : मावशी म्हणतात, कार्बन घ्या.

मावशी : मी काय म्हणतेय तेही यांनीच ठरवलंय.

बायको : कार्बन नको. यांना अ‍ॅल्युमिनियम द्या.

मास्तर : का? मला का नको? मी काय पाप केलंय?

बायको : तुम्हाला हलकी सायकल दिली की तुम्ही तिला पळवायला बघणार. तुम्ही शिकवायला घेतलेल्या प्रत्येक पोराला सांगता ना, नवी गाडी हातात आली की पाय आपोआप दाबला जातो? मग तुमचे पाय काय वेगळ्या कारखान्यातले आहेत?

मास्तर : बघा मावशी. माझंच वाक्य माझ्यावर.

बायको : आणि मलाही एक दाखवा. माझी आता फार जुनी झाली.

मास्तर : हो, हिला अ‍ॅल्युमिनियम. मावशी, सांगा ना, ते टिकाऊ वगैरे.

बायको : अ‍ॅल्युमिनियमच. त्यातली सगळ्यात जड असेल ती.

मावशी : सगळ्यात काय?

बायको : जड.

मावशी : ताई, इतकी वर्षं हे दुकान चालवतेय. लोक येतात, नखावर तोलून बघावं तसे नट-बोल्टसुद्धा तोलून बघतात. एक जण तर घंटी नको म्हणाला, वजन होतं म्हणून. जड मागणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघितलं. आधी आला असतात तर मागच्या खोलीतला माल असा पडून राहिला नसता.

मास्तर : जड कशाला गं?

बायको : मला आवडते जड.

मास्तर : घरी दुधाची पिशवी माझ्याकडून उचलून घेतेस.

बायको : तुम्ही आपलं सीट बघा. मावशी, माझं माप घ्या बरं.

मावशी : घेते. इथे भिंतीला पाठ लावा. पाय जरा फाकवा. मांडीच्या आतून घोट्यापर्यंत मोजते, म्हणजे फ्रेम केवढी ते कळतं. पँट घोट्यावर जरा वर घ्या... हे काय बांधलंय?

बायको : काही नाही. राहू दे. वरूनच मोजा.

मावशी : वरून कसं मोजू? घोटा आहे की उशी, काही कळेना. दुसऱ्या पायालाही आहे.

मास्तर : बघू. अगं, हे तर तुमच्या हॉस्पिटलातलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं की पेशंटच्या पायाला बांधता आणि वर उचला म्हणता, त्या पट्ट्या. वाळूच्या.

बायको : हो.

मास्तर : गुडघा दुखतोय? मला बोलली नाहीस.

बायको : गुडघ्याला काही झालेलं नाही. आपण इथून सरळ सायकली आजमावायला बाहेर पडणार होतो ना? म्हणून सवयीने बांधून आले.

मास्तर : सवयीने? म्हणजे रविवारी...

बायको : हो.

मास्तर : चढावर?

बायको : चढावरच. सपाटीवर काय करायच्यात?

मास्तर : म्हणजे पायांना वाळू बांधून तू मला मागे टाकतेस?

मावशी : मास्तर, ते स्टूल घ्या. बसा जरा.

मास्तर : नको. मी ठीक आहे. दोन्ही पायांना?

बायको : एकाच पायाला बांधून सायकल चालवता येते का?

मास्तर : हसा, मावशी, खुशाल हसा. इथे मी कार्बन की अ‍ॅल्युमिनियम करत बसलोय आणि माझ्या बायकोला माझी कीव येऊन ती पायांत बेड्या घालून फिरतेय.

बायको : कीव कशाला येईल? कीव आली असती तर गाडी घेऊन मागून आले असते.

मास्तर : मग एवढं मंद व्हायचंच होतं, तर आणखी मूठभर वाळू घालायची होतीस. आली असतीस की शेजारी.

बायको : शेजारी आले की तुम्ही बोलता.

मास्तर : बोलणारच. डॉक्टरांनी सांगितलंय.

बायको : डॉक्टर म्हणाले, बोलता येईल इतपत चालवा. बोला असं कुठे म्हणाले?

मास्तर : दोन्ही एकच.

बायको : एकच कसं? मावशी, तुम्ही सांगा. छत्री मावेल एवढा खिसा शिवा म्हटलं, तर छत्री घालूनच फिरायचं का?

मावशी : मला यात ओढू नका. हे मघाशी माझ्याही मनात आलं होतं. पण गिऱ्हाईक फ्रेम हातात धरून उभं होतं.

मास्तर : अहो, पण मी बोलून दाखवतो म्हणजे सिद्ध होतं ना, की मला धाप लागलेली नाही.

बायको : धाप लागलेली असते. तुम्ही वाक्य सोडत नाही एवढंच. अर्धं वाक्य, श्वास, एक शब्द, श्वास, मग उरलेलं. खाली मान घालून, चेहरा लाल करून, पण क्रियापद गाठल्याशिवाय थांबायचं नाही. पहिल्यांदा मी सांगून पाहिलं. म्हटलं, चढावर बोलू नका. तर तुम्ही वाद घातलात.

मास्तर : मुद्दा होता माझा.

बायको : असेल. पण तोही चढावरच मांडलात. त्या दिवशी तुमचे ओठ पांढरे पडलेले बघितले मी. मग मी पुढे जायला लागले. म्हटलं, ऐकायलाच कोणी नसलं तर गप्प बसतील.

मास्तर : मी गप्प बसत नाही.

बायको : ते आता कळलं मला.

मास्तर : कसं?

बायको : ऐकू येतं.

मास्तर : काय काय ऐकू येतं?

बायको : तुमची ती नवी शिकणारी मुलगी, जिने घाबरून ब्रेकऐवजी वायपर लावला. मग लायसन्सच्या ऑफिसातला साहेब. आणि माझ्या भावाने परत न केलेली ती शिडी, ती तर दर रविवारी.

मास्तर : सगळं ऐकतेस आणि मागे वळून हूं करत नाहीस?

बायको : हूं केलं की तुम्हाला चेव येतो. आणि मी गोष्टी ऐकत नसते. गोष्टी मला पाठ आहेत. मधला श्वास ऐकत असते.

मास्तर : श्वास?

बायको : श्वास ऐकायला यायचा तर फार पुढे जाऊन चालत नाही. आणि अगदी जवळ राहिले तर तुम्ही शेजारी यायला जोर करता. मधलं अंतर ठेवावं लागतं. पण चढ दिसला की माझे पाय ऐकत नाहीत हो, आपोआप निघतात. म्हणून वाळू. वाळू बांधली की बरोबर तेवढ्यावर राहते.

मावशी : आणि खाणीच्या वळणाला?

बायको : तेव्हा कुठे होती वाळू? मी पार माथ्यावर पोचले होते. पाणी प्याले, देखावा बघितला. म्हटलं, येताहेत निवांत. खालून येणाऱ्या एका मुलीने सांगितलं, एक काका गवतात बसलेत, तुमच्यासोबतचे का?

मास्तर : मी तिला म्हणालो होतो, सांगू नकोस.

बायको : तेही सांगितलं तिने.

मास्तर : आणि ते फोनवरचं? सपाटीवर ठेवायचं?

बायको : चोरून ऐकलंत, तेही अर्धं. मी विचारलं, चढ बंद करावेत का. ती म्हणाली, तपासण्या चांगल्या आहेत, चढ कशाला बंद करतेस, त्यांचं तोंड बंद कर.

मास्तर : हॉस्पिटलात सगळ्यांना माहीत आहे?

बायको : हृदयाच्या विभागात नाही अजून. डोळ्यांच्या, दातांच्या विभागात आहे.

मावशी : बरं, तुमचं झालं असेल तर मी दुकानाचं बोलू? माझं पोट यावर आहे. ही कार्बन. हलकी आहे, खडीवर हातांना कमी हादरे देते, दिवसभर चालवलीत तरी खांदे भरून येत नाहीत. पण मोठा दगड उडून नेमका बसला, तर आतून तडा जातो आणि बाहेरून पत्ता लागत नाही. ही अ‍ॅल्युमिनियम. जराशी जड, दणके देते, पण पोचा पडला तर पडलेला दिसतो, लपवाछपवी नाही. आणि ताई, तुम्हाला जड फ्रेम मी देणार नाही. उतारावरही ती जडच राहते. वाळूचं बरं असतं, हवी तेव्हा सोडता येते.

बायको : मग मला ती डावीकडची अ‍ॅल्युमिनियम चालेल.

मावशी : तुमचं झालं. मास्तर, तुमचं काय? आज पहिल्यांदाच एवढा वेळ तोंडातून शब्द नाही तुमच्या.

बायको : राहू द्या, मावशी. विचार करताहेत.

मावशी : वजन पुन्हा करून बघायचंय का? आता दोन्हींना फोर्क लावून देते.

मास्तर : वजनाचं राहू द्या.

मावशी : मग काय बघायचंय?

मास्तर : खडीवरून जाताना यातली कुठली कमी वाजते? पुढे हिला ऐकू यायला हवं.